कायद्याचा अभ्यास आणि जोडीचे प्रमाणपत्र

आपल्या ज्ञातीच्या शिष्यवृत्ती समितीकडे येणाऱ्या अर्जांत अलीकडे एक नवी मागणी दिसू लागली आहे. कायद्याच्या पदवीचे शिक्षण चालू असतानाच मुलास अथवा मुलीस करविषयक कायद्याची पदविका घ्यावयाची असते. कोणास कामगार कायद्याचे, कोणास सायबर कायद्याचे, तर कोणास परभाषेचे प्रमाणपत्र हवे असते. त्यासाठी वेगळी फी पडते आणि ती देण्याची ऐपत पुष्कळ घरांत नसते. घरातील वडीलधारी माणसे साहजिकच विचारतात की, एक पदवी पुरी होण्याआधीच दुसऱ्या कागदामागे धावण्याचे प्रयोजन काय? मुले म्हणतात, नुसत्या पदवीस आता विचारतो कोण? दोन्ही पक्षांची समजूत अशी दिसते की, हा प्रश्न याच पिढीत उपस्थित झाला आहे. वस्तुतः तो सव्वाशे-दीडशे वर्षांचा जुना आहे आणि ज्यांची चरित्रे आपण आदराने वाचतो अशा काही व्यक्तींना तो विद्यार्थिदशेत स्वतः सोडवावा लागला. त्यांनी तो कसा सोडविला आणि त्याचे फळ काय मिळाले, एवढेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे. यांत आपल्या ज्ञातीतील कोणी नाही हे काही वाचकांच्या लक्षात येईल. परंतु स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील थोरांवर लेख असतातच, यंदा एक पान बाहेरच्यांसाठी राखण्यास हरकत नसावी.

प्रथम जुनी व्यवस्था थोडी ध्यानात घ्यावी लागेल. मुंबईस सरकारी कायदे शिक्षणाचे वर्ग १८५५ साली सुरू झाले आणि १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले. परंतु एल्एल्. बी. झाला की वकिलीची सर्व दारे उघडली, असे तेव्हा नव्हते. वकील, प्लीडर, ॲडव्होकेट, सॉलिसिटर, बॅरिस्टर असे नाना वर्ग होते आणि प्रत्येक वर्गाची पायरी निराळी. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८६६ साली एल्एल्. बी. झाले, तरी ॲडव्होकेटची परीक्षा ते १८७१ साली उतरले, आणि मधल्या काळात एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन करीत होते. तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या कोर्टात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी पदवीवाचून वकिलीची परीक्षा असे. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८९० साली सोडल्यानंतर लोकमान्य टिळकांच्या निर्वाहास ज्या गोष्टींचा आधार होता, त्यांत या परीक्षांची तयारी करून घेणारा त्यांचा कायद्याचा वर्ग ही एक होती. हे सारे निरनिराळे वर्ग १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टाने टप्प्याटप्प्याने संपुष्टात आणले. तेव्हा ‘एक पदवी पुरत नाही’ ही तक्रार नवी नाही. पूर्वी ती कायद्यानेच पुरत नसे, आता बाजारात पुरत नाही, एवढाच फरक.

आता पहिले उदाहरण महात्मा गांधींचे. ते अनेकांस ठाऊक असते, पण पुरते ठाऊक नसते. मोहनदास गांधी नोव्हेंबर १८८८ मध्ये लंडनच्या इनर टेंपलमध्ये दाखल झाले. त्या काळी बॅरिस्टर होण्यासाठी दोन गोष्टी कराव्या लागत. एक, टर्म भरणे. आणि टर्म भरणे म्हणजे ठरलेल्या संख्येने संस्थेच्या भोजनगृहात जेवणास हजर राहणे. दुसरी, परीक्षा देणे. एक परीक्षा रोमन कायद्याची व दुसरी इंग्लंडच्या कायद्याची. या परीक्षा इतक्या सोप्या समजल्या जात की, तयार टिपणांवर दोन-तीन महिन्यांत विद्यार्थी त्यांतून पार पडत. आपल्यापाशी वेळ भरपूर उरतो आणि केवळ बॅरिस्टरीने आपले भागणार नाही, हे गांधीजींनी ओळखले. ऑक्सफर्ड-केंब्रिजचा खर्च आणि कालावधी परवडण्यासारखा नव्हता. तेव्हा एका स्नेह्याच्या सांगण्यावरून त्यांनी लंडन विद्यापीठाची मॅट्रिक्युलेशनची परीक्षा पत्करली.

त्या परीक्षेत लॅटिन आवश्यक होते, आणि एक अर्वाचीन भाषाही घ्यावी लागे. लॅटिनचा गंध नाही, हाती जेमतेम पाच महिने. पहिल्या खेपेस ते लॅटिनमध्ये नापास झाले. त्यांनी राहणी आणखी साधी केली, खोली बदलली, शास्त्र विषयात रसायनाऐवजी उष्णता व प्रकाश हा विषय घेतला आणि १८९० च्या जून महिन्यात परीक्षा उतरले. पुढे १० जून १८९१ रोजी बॅरिस्टर म्हणून नाव लागले, ११ जूनला हायकोर्टात नोंद झाली आणि १२ जूनला ते स्वदेशी येण्यास निघालेही.

येथवरची हकीकत पुष्कळ जण सांगतात. या प्रमाणपत्राचे पुढे काय झाले, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. मुंबईत त्यांचा जम बसेना. स्मॉल कॉज कोर्टातील पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. तीस रुपये फी परत केली. मग वर्तमानपत्रातील एक जाहिरात पाहून एका हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षकाच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. रोज एक तास काम, पगार दरमहा पंचाहत्तर रुपये. भेटीस बोलावणे आले. परंतु उमेदवार पदवीधर नाही असे कळताच मुख्याध्यापकांनी नकार दिला. लॅटिन घेऊन लंडनची मॅट्रिक झालो आहे, असे त्यांनी सांगून पाहिले. आम्हांस पदवीधरच हवा, असे उत्तर मिळाले. ज्याने सारा जन्म मॅट्रिकच्या दाखल्यावर शाळेत काढला त्यास हा प्रसंग वाचून काय वाटत असेल, ते वाचकांनी ताडावे! शाळांचे नियम तेव्हाही असेच होते.

मग ते श्रम वाया गेले काय? तसे नव्हे. रोमन कायद्याचे पुस्तक गांधीजींनी भाषांतरावर न विसंबता मूळ लॅटिनमधून वाचले होते. पुढे १८९३ साली ते दक्षिण आफ्रिकेस गेले, तेव्हा तेथील कायदा रोमन-डच परंपरेचा, म्हणजे थेट रोमन कायद्याच्या मुळावर उभा असलेला निघाला. जस्टिनियनच्या वाचनाचा आपणांस तेथे फार उपयोग झाला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. मुंबईत प्रमाणपत्राने नोकरी दिली नाही, परंतु त्यासाठी शिकलेली भाषा चार हजार मैलांवर उपयोगी पडली. आज आपण मुलांस विचारतो, ‘या कागदावर नोकरी मिळेल का?’ त्याच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : कागद बाजूस ठेवला तर अंगी काय राहील?

दुसरे उदाहरण याहून कठोर आहे. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म नाशिकचा, १८६६ सालचा. शिक्षण पुण्यास डेक्कन कॉलेजात. परीक्षेत त्या वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या, तथापि विलायतेतील शिक्षणाची सरकारी शिष्यवृत्ती स्त्री म्हणून त्यांस नाकारण्यात आली. इंग्लंडातील काही सहृदय मंडळींच्या साहाय्याने १८८९ साली त्या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्ये दाखल झाल्या आणि १८९२ साली बी. सी. एल्. या कायद्याच्या परीक्षेस बसल्या. या परीक्षेस बसणारी ती पहिली स्त्री. परीक्षा झाली, पदवी मात्र नाही. कारण स्त्रियांस पदवी देण्याचा तेथे नियमच नव्हता. ती पदवी त्यांच्या हाती पडली १९२२ साली, तीस वर्षांनी. स्वदेशी परतल्यावर १८९७ साली मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. आणि १८९९ साली अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा, अशा आणखी दोन परीक्षा त्यांनी दिल्या. दारे तरीही बंदच राहिली. १९०४ सालापासून बंगालमध्ये कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या वतीने पडदानशीन विधवांच्या व अज्ञान वारसांच्या मिळकतींचे काम त्यांनी पाहिले आणि त्या कामात आपले कायद्याचे ज्ञान सार्थकी लावले. स्त्रियांस वकिलीची मोकळीक देणारा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला, तेव्हा त्या पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. दार ज्यांच्या हाती असते त्यांनीच ते अडविले, तर प्रमाणपत्रांची चळत कितीही उंच करा, उपयोग होत नाही. ज्या घरांत अजून मुलीच्या शिक्षणाचा खर्च ‘अधिक’ वाटतो, त्यांनी हे उदाहरण विशेष करून वाचावे.

आता भारतरत्न पांडुरंग वामन काणे. माझ्या मते या विषयावर यांच्याइतके बोलके चरित्र दुसरे नाही, आणि शिक्षकाच्या पेशातील माणसास त्याचे अधिक अगत्य वाटावे हेही स्वाभाविक आहे. जन्म ७ मे १८८० रोजी चिपळूणनजीक परशुरामाच्या परिसरातील. वडील दापोलीस तालुक्याच्या कोर्टात वकिली करीत. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण दापोलीच्या मिशन शाळेत, पुढे मुंबईस विल्सन कॉलेजात. १९०१ साली बी. ए., त्यानंतर एल्एल्. बी. ची पहिली परीक्षा, १९०३ साली वेदान्ताचे झाला पारितोषिक मिळवून एम्. ए. येथवर सर्व सुरळीत झाले. परंतु घर मध्यम स्थितीचे, प्रकृती तोळामासा. पोटाच्या दुखण्याने तर त्यांचा जन्मभर पिच्छा पुरविला. एल्एल्. बी. ची दुसरी परीक्षा देऊन वकिलीत उडी घ्यावी, अशकिलांची वाट पाहत दोन-तीन वर्षे काढावीत, ही चैन त्यांस परवडणारी नव्हती. त्यांनी सरकारी शिक्षण खात्यात नोकरी धरली आणि १९०४ साली रत्नागिरीच्या हायस्कुलात ते शिक्षक म्हणून रुजू झाले.

शिक्षक झाल्यावर त्यांनी जे केले ते लक्षात घेण्याजोगे आहे. कायद्याचा अर्धा अभ्यास शिल्लक असताना ते शिक्षकांच्या प्रमाणपत्राच्या, म्हणजे ज्यास एस्. टी. सी. म्हणत त्या परीक्षेस बसले आणि इलाख्यात पहिले आले. ‘मला तर वकील व्हावयाचे आहे, मास्तरकी ही तात्पुरती’ असे म्हणून त्यांना ते टाळता आले असते. हाती असलेले काम उत्तम रीतीने करावयाचे तर त्याचे शास्त्र शिकले पाहिजे, ही त्यांची वृत्ती. १९०७ साली त्यांची बदली मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात झाली आणि १९०८ साली एल्एल्. बी. ची दुसरी परीक्षा उतरली. पहिली आणि दुसरी परीक्षा यांमध्ये पाच-सहा वर्षे गेली. पण त्या वर्षांत एम्. ए., नोकरी आणि शिक्षकाचे प्रमाणपत्र ही तिन्ही बसली. १९११ साली सरकारी नोकरी सोडून ते हायकोर्टात वकिली करू लागले आणि १९१२ साली एल्एल्. एम्. झाले.

पुढील भाग सर्वांस विदित आहे. मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजात त्यांनी काही वर्षे कायदा शिकविला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा त्यांचा ग्रंथ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९३० साली आणि अखेरचा १९६२ साली निघाला, पृष्ठे साडेसहा हजारांवर. १९६३ साली त्यांस भारतरत्न हा सन्मान मिळाला. हा ग्रंथ संस्कृत पंडिताने लिहिला असे म्हणावे, तर त्यात हिंदू कायद्याचे व कोर्टाच्या निवाड्यांचे ज्ञान पानोपानी दिसते. वकिलाने लिहिला म्हणावे, तर मूळ संहिता त्याच्या जिव्हाग्री आहेत. आणि मांडणी पाहिली तर ती वर्गात शिकविणाऱ्या माणसाची आहे : आधी व्याख्या, मग मतमतांतरे, मग स्वतःचा निर्णय. एस्. टी. सी. च्या प्रमाणपत्रास याचे श्रेय द्यावे असे मी म्हणत नाही. परंतु ज्यास अवांतर म्हणतात असे काहीच या मनुष्याच्या आयुष्यात वाया गेले नाही, इतके निश्चित.

यानंतर पुन्हा लंडनकडे वळले पाहिजे. गांधीजींच्या वेळी बॅरिस्टरीच्या जोडीस मॅट्रिक होती; पंचवीस-तीस वर्षांनी तेथे गेलेल्या आपल्याकडील विद्यार्थ्यांनी जोडीस घेतले ते अर्थशास्त्र. डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१६ साली लंडनला आले आणि त्याच वर्षी ग्रेज इन व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स या दोन्ही ठिकाणी दाखल झाले. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांस परतावे लागले. अभ्यास मात्र सोडला नाही. चार वर्षांच्या आत पुन्हा येण्याची परवानगी त्यांनी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठविले, राजर्षी शाहू छत्रपतींचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम्. एस्सी., १९२२ साली बॅरिस्टर, १९२३ साली डी. एस्सी. तीन वर्षांत तीन! अर्धपोटी राहून, दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसून हे साधले. डी. एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. १९२५ साली हिंदी चलनाविषयी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्ष देताना त्या अभ्यासाचा उपयोग झाला. त्याच सुमारास मुंबईस हिशेबनिसांच्या एका शिक्षणसंस्थेत व्यापारी कायदा शिकवून ते प्रपंचास हातभार लावीत. अस्पृश्य गणलेल्या वकिलाकडे अशील सहजी येत नसत. अशा वेळी कायदा आणि अर्थशास्त्र या दोहोंच्या सांध्यावरील विद्या पोटास आधार देती झाली.

त्याच वर्षांत, त्याच अर्थशास्त्राच्या शाळेत, मिठन टाटा या तरुणी शिकत होत्या. १९१९ साली आई हिराबाई यांच्यासमवेत त्या स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू मांडण्यास लंडनला गेल्या आणि तेथेच राहून एम्. एस्सी. चा अभ्यास करू लागल्या. इंग्लंडात त्याच साली झालेल्या कायद्याने स्त्रियांस बॅरिस्टर होण्याची मुभा मिळाली; त्यांनी लगेच लिंकन्स इनमध्ये नाव घातले आणि १९२३ च्या जानेवारीत त्या बॅरिस्टर झाल्या. पुढे मुंबई हायकोर्टात त्यांनी वकिली केली. कॉर्नेलियाबाईंस जे दार तीस वर्षे ठोठावावे लागले, त्यातून मिठनबाई चार वर्षांत आत गेल्या. बुद्धीत फार अंतर होते असे नव्हे. मध्यंतरी कायदा बदलला होता.

मुंबईत याहून निराळी एक परंपरा आहे, तिची माहिती मुंबईबाहेरील कुटुंबांस क्वचितच असते. सॉलिसिटरची परीक्षा ती. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी ही १८९४ सालची संस्था ती परीक्षा घेते. सॉलिसिटरच्या पेढीत तीन वर्षे आर्टिकल्ड क्लार्क म्हणून उमेदवारी करावी लागते. मिळकतीचे दस्त, हक्काचा तपास, कंपन्यांचे करार ही कामे प्रत्यक्ष हाताखाली राहून शिकावी लागतात. सकाळी कॉलेज आणि मग दिवसभर पेढी, असे करून कित्येक विद्यार्थ्यांनी पदवी व उमेदवारी एकत्र पार पाडली आहे. सॉलिसिटर हा वकिलांचा वेगळा वर्ग १९७६ च्या दुरुस्तीने कायद्यातून गेला, परीक्षा मात्र राहिली आणि तिचा मानही राहिला. या परीक्षेत अनुत्तीर्ण होणारे पुष्कळ असतात. तरीही माझ्या अल्पमतीस हेच प्रमाणपत्र सर्वांत खरे वाटते, कारण त्याच्या मागे तीन वर्षांचे काम असते.

पुण्याकडे इंडियन लॉ सोसायटी १९२३ साली व तिचे लॉ कॉलेज १९२४ साली निघाले. तेथे आणि इतरत्रही करविषयक कायदे, कामगार कायदे व कामगार कल्याण या विषयांच्या पदविका पदवीधरांसाठी अनेक वर्षे चालू आहेत. कारखान्यातील नोकरदार, हिशेबनीस, वकील असे नाना प्रकारचे लोक त्यांचा लाभ घेतात.

येथे पालकांनी एक नियम नीट समजून घेतला पाहिजे. त्याची वार्ता नसल्यामुळे फी भरून पस्तावण्याची पाळी येऊ शकते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ साली कायदे शिक्षणाचे जे नियम केले, त्यांतील सहाव्या नियमान्वये कायद्याच्या पदवीस नाव घातलेल्या विद्यार्थ्यास त्याच वेळी दुसऱ्या कोणत्याही पदवी, पदव्युत्तर वा प्रमाणपत्राच्या अभ्यासक्रमास नाव घालता येत नाही. अपवाद दोन : भाषा अथवा संगणक या विषयांचे अल्प मुदतीचे, अर्धवेळ प्रमाणपत्र; आणि विद्यापीठाच्या दूरशिक्षण केंद्राचा अभ्यासक्रम. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने दोन अभ्यासक्रम एकाच वेळी करण्यास मुभा दिली, हे खरे. परंतु जेथे व्यवसायाची नियामक परिषद आहे तेथे तिचे नियमही लागू राहतील, असे त्याच मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. जाहिरात देणाऱ्या संस्था पहिली गोष्ट मोठ्या अक्षरांत छापतात, दुसरी छापीत नाहीत. गांधीजींच्या वा बाबासाहेबांच्या वेळी असा निर्बंध असता तर काय झाले असते, असा विचार मनात येतो. निर्बंध घालणाऱ्यांचा हेतू विद्यार्थ्याने वर्गात बसावे हा असेल, आणि तो वाईट नाही. तरी मूळच्या हुशार व गरजू मुलास तो जाचतो, असे माझे मत आहे. ते काही असले तरी नियम हा नियम, आणि सनद घेण्याच्या वेळी अडचण उत्पन्न होईल असे पाऊल मुलांनी टाकू नये.

यास्तव समितीपुढे माझी एक सूचना आहे. पदवीच्या खर्चाव्यतिरिक्त जोडीच्या प्रमाणपत्रासाठी मदत मागणाऱ्या अर्जाबरोबर आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांची लेखी संमती आणि तो अभ्यासक्रम सहाव्या नियमाच्या कोणत्या अपवादात बसतो याचा उल्लेख, या दोन गोष्टी मागवाव्यात. तसेच जो विद्यार्थी पदवी हाती आल्यावर करविषयक किंवा कामगार कायद्याची पदविका घेऊ इच्छितो, त्याचा अर्ज ‘शिक्षण पूर्ण झाले’ या सबबीवर आजवरच्या प्रघाताप्रमाणे परत पाठवू नये. खरी मदत त्यालाच लागते, कारण वकिलीची पहिली दोन-तीन वर्षे घरी पैसा येत नाही. सॉलिसिटरच्या पेढीतील उमेदवारांसाठी मुंबईत राहण्याची सोय हा प्रश्नही यातच येतो. ज्यांची मुंबईत जागा आहे अशा सभासदांनी एखादी खोली या कामी देऊ केल्यास चिटणिसांना कळवावे.